भर दुपारी फ्लॅश कशाला? (या भागाचं ट्रान्सक्रिप्ट)

ज्यांना ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांचा इअरफोन नेमका लोकलमध्येच बंद पडतो, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतेय. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

विषय आहे फ्लॅश. लग्नाच्या हॉलमधला नाही, तर बाहेर, मोकळ्यावर माणसाचं पोर्ट्रेट काढताना बॅगेत घालून न्यायचा फ्लॅश. आता तुम्ही म्हणाल, बाहेर एवढं ऊन असताना फ्लॅश कशाला? मीही हेच म्हणायचे. आणि या एका वाक्यापायी मी एका घराचा फोटो वाया घालवला.

झालं असं. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी माझ्या कॉलेजच्या मित्राचं गाव आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. धान्य गेलं, गाद्या गेल्या, आणि खालच्या कपाटात राहिलेले सगळे अल्बमही गेले. मित्राच्या आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, घरात एकही धड फोटो उरला नाही. एक आधार कार्डावरचा होता, पण त्याला फोटो म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. अण्णांना पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा मित्र म्हणाला, "तू फोटो काढतेस ना, मग भिंतीवर लावायला एक काढून दे. मागे ऊस दिसला पाहिजे, आणि विहीर."

गेले मी. वेळ मिळाली दुपारी साडेबाराची, कारण त्या आठवड्यात मोटरीची लाईट दोननंतर येणार होती. लाईट आली की अण्णा उसाला पाणी द्यायला जाणार, मग फोटोबिटो गेला उडत. अण्णा तयार होऊन आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, गुलाबी फेटा. आणि चेहरा, साठ वर्षं उन्हात रापलेला, काळा.

सूर्य डोक्यावर. भुवयांच्या खाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. चेहरा दिसावा म्हणून एक्सपोजर वाढवलं की सदरा पांढराफट्ट, त्याची एक घडी दिसेना. सदरा आणि ऊस सांभाळला की चेहरा गेला अंधारात. मी म्हटलं, घरी जाऊन एडिटमध्ये बघू. घरी शॅडो वर ओढल्या, चेहरा उजळला, पण राखेचा रंग आला. तसंच प्रिंट करून, फ्रेम करून दिलं. आजींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय आमचं मानूस न्हवं."

रागावून नाही म्हणाल्या. नुसतं म्हणाल्या. पण मी ती फ्रेम परत घेऊन आले.

आता अडचण काय होती ते बघा. उजेड कमी नव्हता, उजेड चुकीच्या ठिकाणी होता. एका फोटोत कॅमेऱ्याला जेवढा फरक पकडता येतो, त्याच्यापेक्षा ऊन आणि सावली यांतला फरक जास्त होता. तो कमी करायचा तर एकतर ऊन अडवा, नाहीतर सावलीत उजेड घाला. शेताच्या वर चादर धरता येत नाही. म्हणून फ्लॅश.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते. फ्लॅश माणसाला गोरं करायला नसतो. अण्णांचा काळा रंग आहे तसा, तजेलदार दिसावा, डोळ्यांत जीव यावा, यासाठी तो असतो. फोनमधले ब्युटी फिल्टर वापरून आपल्याला उजळ म्हणजे चांगलं अशी सवय लागलीये. असो, तो वेगळा भाग होईल.

फ्लॅशची सगळी गंमत मला एका बादलीवरून कळली. समजा नळाखाली बादली ठेवलीये. नळ बारीक धारेने सतत चालू आहे. तो सूर्य. मध्येच कुणीतरी एक तांब्याभर पाणी बादलीत एकदम ओततं. तो फ्लॅश. आता बादली किती वेळ नळाखाली ठेवायची, हा झाला शटर स्पीड. जास्त वेळ ठेवली तर नळाचं पाणी जास्त जमतं, पण तांब्याचं पाणी तेवढंच राहतं! कारण ते एका क्षणात पडून मोकळं झालेलं असतं. फ्लॅशचा उजेड साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, कमी पॉवरला त्याहून लवकर. म्हणजे शटर वाढवलं-कमी केलं की मागचं आकाश आणि ऊस उजळ-गडद होतो, फ्लॅशने उजळलेला चेहरा तसाच राहतो. ॲपर्चर म्हणजे बादलीचं तोंड. ते लहान केलं की दोन्हीकडचं पाणी कमी. आणि तांब्या केवढा घ्यायचा ती फ्लॅशची पॉवर.

हे डोक्यात बसलं की एकाच फोटोत दोन वेगळी एक्सपोजर हातात येतात. एक मागच्या शेताचं, एक माणसाचं. मला विचाराल तर बाहेरच्या फ्लॅशचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

मग शटर वाढवत नेऊन आकाश हवं तेवढं गडद करता येईल का? नाही येत. इथे एक भिंत आहे, तिला सिंक स्पीड म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास असते. कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून बंद करत येतो. सिंक स्पीडपर्यंत एक क्षण असा असतो की अख्खा सेन्सर उघडा असतो, फ्लॅश तेव्हाच उडतो. त्याहून वेगात गेलात तर पहिला पूर्ण उघडायच्या आधीच दुसरा निघालेला असतो. दोघांच्या मध्ये नुसती फट, ती फट सेन्सरवरून सरकत जाते. फ्लॅश उडतो तेव्हा जेवढी फट उघडी तेवढाच भाग उजळतो, बाकी फोटोवर काळा पट्टा. पहिल्यांदा माझ्या फोटोत तो पट्टा आला तेव्हा मला कॅमेरा बिघडला असंच वाटलं होतं.

ही भिंत उन्हात का नडते ते आकड्यांत बघा. कडक उन्हात, आयएसओ १०० ला, १/१०० सेकंदाला साधारण एफ १६ लागतं. म्हणजे १/२०० ला एफ ११. झालं, पार्श्वभूमी धूसर करायची हौस तिथेच संपली, आणि फ्लॅशलाही एवढ्या लहान तोंडातून उजेड पोहोचवायचाय. उपाय आहेत. एक, हाय स्पीड सिंक. यात फ्लॅश एकदा न उडता, फट सरकेपर्यंत बारीक बारीक खूप वेळा लुकलुकतो. पट्टा जातो, पण पॉवर दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त पडते. दुसरा, लेन्सला एनडी फिल्टर, म्हणजे कॅमेऱ्याला काळा गॉगल. तीन स्टॉपचा लावला तर एफ ११ च्या जागी एफ ४ वापरता येतं. पण तो फ्लॅशचाही उजेड अडवतो, त्यामुळे फ्लॅशचे कष्ट तेवढेच राहतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए ९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, त्याला ही भिंतच नाही. पण त्याची किंमत ऐकून आपण पुढे जाऊ.

आता सामान. साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसतो तो, चार पेन्सिल सेलवर चालणारा, यात ढोबळमानाने साठ-सत्तर वॉट-सेकंद ऊर्जा असते. ती हजाराव्या सेकंदात बाहेर पडते, म्हणजे क्षणभर कितीतरी हजार वॉट! चार सेलमधून एवढं कसं? आत कपॅसिटर असतो. ती टाकी समजा. सेल ती टाकी हळूहळू भरतात, 'चिईईई' असा आवाज येतो तो तेव्हाच, आणि फ्लॅश ती एका झटक्यात रिकामी करतो. म्हणूनच बंद पडलेला फ्लॅश घरी उघडायचा नाही. टाकीत तीनशे व्होल्टच्या आसपास साठलेलं असू शकतं, सेल काढल्यावरसुद्धा.

त्याच्या वरची पायरी म्हणजे लिथियम बॅटरीवरचे २०० वॉट-सेकंदवाले. गोडॉक्सचा एडी २०० सगळ्यांना माहीत असतो. वीटेएवढा आकार, आणि कंपनी सांगते त्याप्रमाणे एका चार्जमध्ये फुल पॉवरचे ५०० फ्लॅश. साठवरून दोनशेवर गेल्यावर तिप्पट उजेड मिळेल असं वाटतं, आणि मिळतोही, पण कॅमेऱ्याच्या भाषेत तो जेमतेम पावणेदोन स्टॉप असतो. कारण एका स्टॉपसाठीच उजेड दुप्पट लागतो. तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी फुकटची पॉवर वापरा. ती म्हणजे अंतर. फ्लॅश आठ फुटांवरून चार फुटांवर आणला की उजेड चौपट, सरळ दोन स्टॉप. एक रुपया न देता!

पहिली खरेदी काय, असं विचाराल तर माझं मत ऐका. मोठा फ्लॅश नाही. एक साधा मॅन्युअल स्पीडलाइट, एक रेडिओ ट्रिगर, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री. कारण फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवला तर चेहरा पोळपाटासारखा सपाट दिसतो. तो काढून बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर नेला की नाकाला नाक आणि गालाला गाल येतो. २००६ मध्ये डेव्हिड हॉबी या अमेरिकन वृत्तपत्र छायाचित्रकाराने स्ट्रोबिस्ट नावाचा ब्लॉग सुरू केला. छोटे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून कसे वापरायचे, हे जगभरातल्या पोरापोरींना त्याने फुकट शिकवलं. त्यांतली एक मी. मोठा फ्लॅश हवा तेव्हा भाड्याने आणा.

छत्रीचा शत्रू वारा. स्टँडच्या पायात विटा भरलेली पिशवी अडकवा, किंवा सरळ कुणाला तरी धरायला उभं करा. विमानाने शूटला जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये नको. आणि संध्याकाळी शूट असेल तर नारंगी जेल न्या, नाटकवाल्यांचा जिलेटिन पेपर असतो ना, तसलाच. मावळतीचं ऊन पिवळं-केशरी आणि फ्लॅश दुपारसारखा पांढरा, जेल लावली नाही तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

"ताई, आम्ही फोनवर काढतो, आमचं काय?" तर खरं सांगते, असा वेगळा फ्लॅश साध्या फोनबरोबर जुळत नाही. फोन सेन्सर एका ओळीमागून एक ओळ वाचतो, आणि फ्लॅशला 'आता उड' असं सांगायची सोयही त्यात नसते. फोनच्या पाठीवरचा तो फ्लॅशसुद्धा खरं तर एलईडी आहे, छोटी टॉर्च. हातातला एलईडी पॅनल सावलीत किंवा संध्याकाळी चालेल, दुपारच्या उन्हापुढे तो काजवा. तुमच्यासाठी सगळ्यात भारी वस्तू फ्रिजच्या खोक्यातून निघते. थर्माकोल! माणसाची पाठ उन्हाकडे करा आणि थर्माकोलने तेच ऊन त्याच्या चेहऱ्यावर परतवा. सिनेमावालेही हेच करतात.

तर, अण्णा. महिन्याभराने परत गेले. वेळ तीच, साडेबाराची, लाईटची पाळी अजून तशीच होती. "पोरी, पुन्हा आलीस व्हय?" म्हणाले, पण फेटा बांधून आले.

या वेळी त्यांना फिरवलं. ऊन पाठीवर घेतलं, म्हणजे फेट्याच्या कडेला आणि खांद्याला उन्हाची किनार, आणि चेहरा सगळा एकसारख्या सावलीत. आधी फ्लॅश बंद ठेवून १/२०० आणि एफ ११ ला नुसत्या शेताचा फोटो घेतला. ऊस हिरवा, आकाश निळं, अण्णा जवळजवळ काळे. बरोबर, असंच हवं होतं. मग भाड्याने आणलेला २०० वाला छत्रीत लावला आणि मित्राला धरायला दिला. पहिल्यांदा तो भीतीने आठ फुटांवर उभा राहिला, चेहऱ्यावर काही कळेचना. चार फुटांवर आणला, आणि अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत पांढऱ्या छत्रीचा एक-एक ठिपका उमटला. चेहऱ्याचा रंग काळा तो काळाच, पण मातीला पाणी मिळाल्यावर येतो तसा. अकरा फोटो काढले. बाराव्याला विहिरीवरची मोटर सुरू झाली. लाईट लवकर आली होती. अण्णा फेट्यासकट निघून गेले.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरच आजींना दाखवला. बराच वेळ बघत होत्या. मग पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आता माझा काढ. पर ती छत्री लांब धर, लई जवळ आली की लाज वाटती."

लांब नेली असती तर छत्री त्यांच्या चेहऱ्याच्या मानाने लहान झाली असती, उजेड कडक पडला असता आणि एकूणएक सुरकुती उठून दिसली असती. हे सगळं त्यांना सांगत बसले नाही. मित्राला डोळ्याने खुणावलं, आणि तो बोलता बोलता दोन पावलं पुढे सरकला.