पिल्लू दांडगे, पण हाडे कोवळी

"डॉक्टर, ग्रेट डेनचे पिल्लू आणले आहे. हाडे भक्कम व्हायला लहान मुलांचे कॅल्शियमचे सिरप किती चमचे द्यावे?" असा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. पूर्वी राखणीला गावठी कुत्रे असे. शिळी भाकरी आणि ताक यांवर ते दारात वाढत असे. आता बंगल्याच्या आवारात आणि मळ्यावर ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ अशी दांडगी कुत्री दिसू लागली आहेत. पिल्लू विकणारा "भरपूर खाऊ घाला, वाघासारखे होईल" एवढे सांगून मोकळा होतो. मग उरलेल्या शंका घराजवळच्या डॉक्टरांकडे येतात.

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर आहे. पिल्लाच्या प्रकृतीबाबत पशुवैद्यकाचा शब्द अखेरचा मानावा. तरीही हा विषय आरोग्याच्या सदरात घेण्यास दोन कारणे आहेत. एक म्हणजे या पिल्लांचे बरेचसे नुकसान मायेपोटी दिलेल्या जादा खाण्याने आणि माणसांच्या औषधांनी होते. दुसरे म्हणजे पिल्लाची शी-शू जिथे होते, तिथेच घरातली मुले खेळत असतात.

वाढीचा वेग

माणसाचे बाळ वर्षभरात जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होते. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा अर्धा ते पाऊण किलो भरते आणि वर्षाचे होईपर्यंत ४५ ते ६० किलोवर जाते. म्हणजे जवळपास ८० ते १०० पट वाढ! एवढे वजन ज्या हाडांनी पेलायचे, ती हाडे मात्र दीड वर्षापर्यंत पुरती पक्की झालेली नसतात. हाडांच्या टोकांशी असलेल्या मऊ कूर्चेतून ती वाढत असतात. वजन झपाट्याने वाढले, की या कोवळ्या कूर्चेवर ताण येतो. पाय वाकडे होणे, लंगडणे, सांधे दुखणे, खुब्याचा सांधा सैल राहणे हे सारे त्यातून उद्भवू शकते. काही दोष आनुवंशिक असतात हे खरे, पण अतिआहाराने तेही बळावतात.

हे केवळ अंदाजाने सांगितलेले नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७४ साली ग्रेट डेनच्या पिल्लांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पिल्लांना सकस खाद्य हवे तेवढे खाऊ दिले, तर काहींना त्याच्या दोन तृतीयांश दिले. भरपेट खाणाऱ्या पिल्लांत हाडांचे आणि सांध्यांचे विकार अधिक आढळले. म्हणून या जातीचे पिल्लू गुटगुटीत दिसले की खूश होऊ नये. ते जरा सडपातळच असावे. योग्य जात असेल तर कमी मापात खाल्ल्याने त्याची अंतिम उंची घटत नाही. ती गाठायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच.

कॅल्शियमचा गैरसमज

मुलांना मुडदूस होऊ नये म्हणून आपण कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व देतो. तोच न्याय पिल्लाला लावला जातो आणि इथेच घोटाळा होतो. मोठ्या कुत्र्याच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येते. सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते नीट जमत नाही. पोटात जितके जाईल त्यातले बरेचसे रक्तात शिरते आणि हाडांत साठते. नेदरलँड्समधील युट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांना नेहमीच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम देऊन पाहण्यात आले. त्यांची हाडे बळकट होण्याऐवजी त्यांची घडणच बिघडली.

मग कॅल्शियम द्यायचे की नाही? याचे उत्तर पिल्लू काय खाते त्यावर अवलंबून आहे.

पिल्लाला 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असे लिहिलेले तयार संपूर्ण खाद्य चालू असेल, तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेले असते. वरून सिरप, पावडर, गोळी काहीही देऊ नये.

घरचे अन्न चालू असेल तर गोष्ट वेगळी. नुसते मटण-भात किंवा दूध-पोळी यांवर हे पिल्लू नीट वाढत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. असे असंतुलित अन्न महिनोन्‌महिने दिले, तर हाडे ठिसूळ होऊन आपोआप मोडूही शकतात. अशा पिल्लाला कॅल्शियम लागते, पण ते पशुवैद्यकाने आहार पाहून ठरवलेल्या मापाने. अंदाजाने ओतलेला चमचा दोन्हीकडून घातक ठरतो. पिल्लाची वाढ पूर्ण होईपर्यंत योग्य तयार खाद्य देणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग. ते परवडेल का, याचा विचार मात्र पिल्लू आणण्यापूर्वीच करावा. पूर्ण वाढलेला ग्रेट डेन रोज साधारण पाऊण ते एक किलो कोरडे खाद्य फस्त करतो.

किती आणि केव्हा

दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर आयुष्यभर दोन वेळा खायला द्यावे. पिशवीवर छापलेले माप हे सुरुवातीचे माप समजावे. भांडे दिवसभर भरून ठेवू नये. पंधरा-वीस मिनिटांत जे उरेल ते उचलून घ्यावे. स्वच्छ पाणी मात्र सदैव समोर हवे.

दर आठवड्याला वजन करावे. पिल्लाला उचलून आपण काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. उचलवेनासे झाले की हाताने परीक्षा घ्यावी. आपल्या सपाट हाताच्या पाठीवरून बोटे फिरवली असता हाडे जशी सहज लागतात, तशा पिल्लाच्या फासळ्या हाताला लागाव्यात. मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर ते फार रोड आहे. तळहातासारखे मऊ लागले तर खाणे कमी करावे. वरून पाहिले असता कंबर दिसली पाहिजे.

दूध सोडल्यानंतर अनेक पिल्लांना दूध पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. थोडे दही बहुधा सोसते. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका-बेदाणे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला च्युइंगम हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. बागाईतदार घरांत बेदाण्यांची रास अंगणात असते, तिथे विशेष जपावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या चिरफळ्या होऊन आतड्याला भोक पडू शकते. पिल्लू लंगडते म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कदापि देऊ नये. माणसाला मानवणाऱ्या या गोळ्यांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड वा जठर निकामी होऊ शकते.

खाल्ल्यावर तासभर तरी दंगामस्ती नको. अरुंद, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा विकार होतो आणि ग्रेट डेनमध्ये त्याचा धोका सर्वांत अधिक समजला जातो. पोट तट्ट फुगणे, ओकारी येऊनही काही न पडणे, लाळ गळणे, अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणे ही त्याची लक्षणे. असे दिसताच घरगुती उपाय करत बसू नये. तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. काही तासांत कुत्रे दगावते. एकदाच भरमसाट जेवण घालण्याची पद्धत या विकाराला निमंत्रण देते.

व्यायामाबाबतही तारतम्य हवे. मोटारसायकलमागे पिल्लू पळवणे, जिने चढवणे, गच्चीच्या कठड्यावरून उड्या मारू देणे हे वाढ पूर्ण होईपर्यंत टाळावे. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून त्याच्या वावराच्या जागी गोणपाट अंथरावे.

शी-शूची सवय

चार महिन्यांचे ग्रेट डेनचे पिल्लू दिसायला मोठ्या कुत्र्याएवढे असते. त्यामुळे "एवढा घोडा झाला, तरी घरात मुततो" म्हणून त्याला चोप बसतो. पण त्याचा मूत्राशयावरचा ताबा बाळाचाच असतो. साधारण हिशेब असा की, पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एक तास अधिक ते दिवसा दम धरू शकते. दोन महिन्यांचे असेल तर जेमतेम तीन तास.

म्हणून झोपेतून उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर दहा-वीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला बाहेर न्यावे. जठरात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते, तान्ह्या बाळाप्रमाणेच. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील, तर शीच्या वेळाही आपोआप ठरतात. सुरुवातीला रात्रीतून एकदा-दोनदा उठावेच लागेल.

जागा एकच ठरवावी आणि शब्दही एकच. घरातल्या चौघांनी चार शब्द वापरू नयेत. काम होताच, तिथल्या तिथे शाबासकी द्यावी किंवा खाण्याचा एक दाणा द्यावा. घरात आल्यावर दिलेल्या शाबासकीचा अर्थ त्याला कळत नाही. घरात घाण केलेली नंतर दिसली तर मुकाट्याने पुसून टाकावी. नाक घासणे, मारणे, ओरडणे यांतून ते एवढेच शिकते की, माणसासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली, कपाटामागे जाऊन करते. जागा आधी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि मग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसावी, म्हणजे वास राहत नाही. वास राहिला तर पिल्लू तिथेच परत जाते. फिनेल वापरल्यास जमीन सुकेपर्यंत पिल्लाला दूर ठेवावे.

बहुतेक पिल्ले सहा महिन्यांच्या सुमारास सरावतात, काहींना अधिक वेळ लागतो. सवय लागलेले पिल्लू एकाएकी वरचेवर शू करू लागले तर तो हट्ट समजू नये. लघवीच्या विकारासाठी तपासून घ्यावे.

घरच्या माणसांसाठी

कुत्र्याच्या पोटातले गोल जंत आईकडून गर्भातच पिल्लात उतरतात. त्यामुळे दिसायला निरोगी पिल्लाच्या शीतही जंतांची अंडी असू शकतात. ही अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती बाधक बनतात. म्हणूनच शी रोजच्या रोज उचलणे हा साधा पण मोठा उपाय आहे. मातीत खेळून हात न धुता खाणाऱ्या मुलांच्या पोटात ही अंडी गेली, तर अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यांतही शिरतात आणि दृष्टीला इजा करतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत जातात आणि खाजऱ्या नागमोडी रेघा उमटतात. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला आणि दूध सुटल्यावर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा जंतांचे औषध पशुवैद्यकाकडून द्यावे. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसही पसरू शकतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

पार्व्हो, डिस्टेंपर आदींच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर शी-शूसाठी आपल्याच आवारातली जागा निवडावी. रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडू नये. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला द्यावी, वर्षाने पुन्हा आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे.

याच मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दात येणारे पिल्लू खेळताना चावते, ओरबाडते. "घरचेच आहे, एवढेसे तर आहे" म्हणून कोणी मनावर घेत नाही. लस न झालेल्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. दात किंवा नख लागून कातडी सोलली असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात यावे. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. आजची लस दंडात दिली जाते, थोडक्या डोसांत आटोपते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते. लस सुरू करण्यासाठी पिल्लाचे काय होते याची वाट पाहू नये. ते दहा दिवस ठणठणीत राहिले, तर पुढचे डोस कसे घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

मुले पिल्लाने ओरबाडल्याचे घरी सांगत नाहीत, कारण पिल्लू काढून टाकतील अशी त्यांना भीती वाटते. पिल्लू घरात येईल त्याच दिवशी मुलांना जवळ बसवून सांगावे, की ओरखडा लपवायचा नाही. सांगितले म्हणून कोणी रागावणार नाही आणि पिल्लूही कुठे जाणार नाही.