आधी धूर, मग पाना

डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही, किंवा झालीच तर थरथरत, मिसिंग मारत चालते, तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘काय बदलावं लागेल?’ प्रश्न साधा वाटतो, पण गॅरेजमधला बराचसा वायफळ खर्च त्यातूनच सुरू होतो. आपल्याकडच्या बिलात सुट्या भागांची ओळ असते, मजुरीची असते. बिघाड शोधून काढल्याची नसते. अर्धा तास तपासून तांब्याचं एक वॉशर बदलणाऱ्याला वॉशरचे पैसे मिळतात आणि न तपासता पंप उतरवणाऱ्याला पंपाचे. महामार्ग ४४ आणि ५३ जिथे एकमेकांना छेदतात त्या नागपुरात डिझेलच्या मिस्त्रींचा तुटवडा कधीच नव्हता. त्यांचं कसब हाताच्या सफाईत असतं असं सगळे मानतात. मला ते तपासणीच्या क्रमात जास्त दिसतं. कशावर आधी संशय घ्यायचा आणि कशाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, हे कळणं म्हणजे निम्म्याहून अधिक काम.

हा क्रम इंजिनाच्या घडणीतूनच येतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात ठिणगी नव्हती. हवा इतकी दाबायची की ती तापून पाचशे अंशांच्या वर जावी, आणि त्या क्षणी तिच्यात डिझेल फवारायचं. जुन्या इंडिकाच्या पिढीतल्या इंजिनांत हवा साधारण विसाव्या-बाविसाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते. म्हणजे प्रश्न तीनच: हवा पुरेशी दाबली जाते का, डिझेल पोचतं का, आणि वेळेवर पोचतं का. त्यांची पहिली उत्तरं सायलेन्सरच्या तोंडाशी मिळतात. सेल्फ मारताना मागे उभं राहून बघावं. धूर मुळीच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत गेलेलंच नाही. मग टाकी, फिल्टर, पाइप, पंपाचा सोलेनॉइड एवढ्यातच शोधायचं. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग. सुरू झाल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. एकही पाना न लावता अर्धं इंजिन संशयातून सुटतं, आणि तरीही पंप खोलायची घाई होते. तो खोलण्याची वस्तूच नव्हे. त्यातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनांची असते. डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. रस्त्याकडेच्या धुळीत उघडलेला पंप आधी बिघडलेला नसला तरी नंतर बिघडतो.

रोज सकाळी रडणारी आणि नंतर दिवसभर नीट चालणारी गाडी हे सगळ्यात फसवं प्रकरण. रात्रभर उभ्या गाडीत फिल्टरच्या ओ-रिंगमधून किंवा तडकलेल्या पाइपमधून हवा शिरते, डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाला चोखायला हवा मिळते. ‘एअर पकडली’ म्हणतात ती हीच. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग वाद घालायला काही उरत नाही. हँड प्रायमर दाबून गाडी लगेच पकडत असेल तर तोही पुरावाच. पण नुसता प्रायमर दाबून गाडी परत देणं म्हणजे उद्याचं गिऱ्हाईक आजच नक्की करणं.

याच तक्रारीची दुसरी वाट हीटर आणि बॅटरीतून जाते, आणि तिथे नागपूरचं हवामान मध्ये येतं. या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५. मे महिन्याच्या झळांत हवा मुळातच इतकी तापलेली असते की हीटर प्लग जळालेले असले तरी गाडी निमूट सुरू होते. बॅटरी मात्र त्याच उन्हात आतून खंगत जाते. दोन्ही दोष डिसेंबरच्या पहिल्या थंडीत एकदम उघडे पडतात. सेल्फ हळू फिरतो, पिस्टन सावकाश चढतो, दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, उरलेली थंड भिंतींना उष्णता देऊन बसते. कॉम्प्रेशन गेलं, इंजिन खोलावं लागेल, असा निकाल अशा वेळी हमखास दिला जातो. चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावून बघायला पाच मिनिटं लागतात.

घाई मालकाचीही असते, आणि तिची किंमत शहराने २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर सेल्फ मारणं हा सगळ्यात महाग प्रयोग आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये थोडं पाणी असलं तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गंमत अशी की किंचित वाकलेला रॉड घेऊनही इंजिन पुढे सुरू होऊ शकतं. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तेवढं घटतं, गाडी मिसिंग मारते, आणि महिनाभराने दोष नोझलवर ढकलला जातो. म्हणून पुरातल्या गाडीत आधी एअर फिल्टर उघडून ओल बघायची, मग हीटर किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचं. चावी त्यानंतर.

यावर नव्या पिढीचा आक्षेप ठरलेला असतो: हे सगळं जुन्या गाड्यांचं, आता स्कॅनर लावला की कळतं. आक्षेप निम्मा बरोबर आहे. कॉमन रेल इंजिनात कॉम्प्युटर रेलमध्ये साधारण दोनशे-तीनशे बार दाब तयार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाही, आणि तो दाब कानाने ऐकू येत नाही. एकेका इंजेक्टरचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला ते ओळखायची जुनी रीत इथे जिवावर बेतेल. हजारावर बारचा फवारा कातडी फोडून आत शिरतो. पण स्कॅनर ‘रेलचा दाब कमी’ एवढंच सांगतो. का कमी, ते सांगत नाही. फिल्टर तुंबला असेल, एअर असेल, पंप थकला असेल, इंजेक्टर डिझेल परत टाकीत सोडत असेल, किंवा सेन्सरच खोटं बोलत असेल. सेन्सर खोटं बोलतात हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याला सेन्सरचा बिघाड जाहीर करावा लागला. शहरातल्या इतर काही केंद्रांवरचे आकडे खूप खाली होते, म्हणूनच तो आकडा संशयास्पद ठरला. इंजिनाच्या बाबतीत हीच फेरतपासणी चार बाटल्या करतात: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक पारदर्शक बाटली लावायची, सेल्फ मारायचा, आणि कोणती बाटली इतरांपेक्षा भराभर भरते ते बघायचं. चारही इंजेक्टर बदलायचे की एकच, हे तिथे ठरतं, आणि त्यातला फरक हजारो रुपयांचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. एवढी तपासणी करायला वेळ कुणाकडे आहे, आणि डिझेल कार तरी किती दिवस राहणार? मारुतीने एप्रिल २०२० मध्ये, बीएस-६ लागू होताना, डिझेल गाड्या थांबवल्या हे खरं. पण हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा कारखाना ट्रॅक्टर बनवतो आणि ते सगळे डिझेलवर चालतात. पेरणीच्या आठवड्यात बंद पडलेल्या ट्रॅक्टरला बाजाराचा कल ऐकवून उपयोग नाही. वेळेचा मुद्दा मात्र मिस्त्रीवर ढकलता येत नाही. त्याला तपासणीचे पैसे कुणी देत नाही, म्हणून तो वेळ देत नाही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथून बाहेर पडलेला मुलगा गॅरेजमध्ये पहिल्या महिन्यात शिकतो तो हाच हिशेब. काही गॅरेजं आता स्कॅनर लावायचे वेगळे पैसे घेतात आणि मालक ते कुरकुर न करता देतात, कारण पडद्यावर आकडे दिसतात. बाटल्या लावायचे, बुडबुडे बघायचे, मागे उभं राहून धूर वाचायचे पैसे मागितले तर तोच मालक विचारतो, ‘पण केलंत काय तुम्ही?’