रात्री साडेअकराला सुटणारी नावं

आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा (हिवाळ्यात साडेबारा) वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे दोन वाजलेले असतात. त्या वेळी व्हेरिसाइन ही कंपनी मुदत संपलेली ‘डॉट कॉम’ नावं आपल्या मुख्य नोंदवहीतून पुसायला घेते. एकामागून एक, हजारोंनी. पुसलेलं नाव त्या क्षणापासून जगातल्या कोणालाही घेता येतं. पण छोटं, चटकन लक्षात राहणारं नाव असेल तर ते मोकळं राहतं एका सेकंदाहूनही कमी वेळ. ही शर्यत रोज होते आणि कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही.

डोमेन नाव विकत मिळत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांचे पैसे भरून आपण ते वापरायचा हक्क घेतो. रजिस्ट्रार नावाची मधली कंपनी तशी नोंद करून देते. रिन्यू करायचं राहिलं तरी नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रारकडे 45 दिवसांपर्यंतची सवलत असते. त्यानंतर नाव रद्द केलं तर आणखी 30 दिवस जुन्या धारकाला दंड भरून ते परत मिळवता येतं. शेवटचे 5 दिवस मात्र नावाला कोणीच हात लावू शकत नाही, ना धारक ना रजिस्ट्रार. आणि मग ती दुपार उजाडते.

‘बॅकऑर्डर’ म्हणजे त्या दुपारसाठी आधीच लावलेला नंबर. स्नॅपनेम्स, ड्रॉपकॅच अशा कंपन्यांना आपण सांगून ठेवायचं की हे नाव सुटलं तर माझ्यासाठी धरा. त्यांचे संगणक व्हेरिसाइनकडे ‘हे नाव नोंदवा’ अशी आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. प्रत्येक वेळी उत्तर येतं 2302, म्हणजे नाव अजून अस्तित्वात आहे. 2302, 2302, 2302... आणि अचानक एकाच कोणाला तरी 1000 मिळतं: आज्ञा पूर्ण झाली. बाकी सगळ्यांना पुन्हा 2302च, कारण नाव पुन्हा अस्तित्वात आलेलं असतं, फक्त दुसऱ्याच्या नावावर. कितीतरी वर्षं चाललेल्या संकेतस्थळाचं भवितव्य चार आकडी उत्तरात ठरतं, याचं मला आजही नवल वाटतं.

या शर्यतीचा नियम सरळ आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला व्हेरिसाइनच्या यंत्रणेत सारख्याच जोडण्या मिळतात. मोठ्याला जास्त, छोट्याला कमी असं काही नाही. पण नियम समान असला, तरी एकाच मालकाने किती रजिस्ट्रार काढावेत यावर बंधन नाही. 2016 च्या अखेरीस ड्रॉपकॅचने एका फटक्यात आणखी सुमारे 500 रजिस्ट्रारना मान्यता मिळवली आणि तिचा आकडा हजाराच्या पुढे गेला. आयकॅन या नियामक संस्थेच्या यादीत तेव्हा जगभरचे मिळून साधारण 3 हजार रजिस्ट्रार होते. यादी उघडली की ‘ड्रॉपकॅच डॉट कॉम’, पुढे एक क्रमांक, पुढे ‘एलएलसी’ अशी नावं पानामागून पान दिसत. एकेका मान्यतेचं वार्षिक शुल्कच 4 हजार डॉलर. यात बेकायदा काहीच नाही. तरीही एकट्यादुकट्या माणसाने आपल्या साध्या रजिस्ट्रारमार्फत या शर्यतीत उतरणं जवळपास व्यर्थ आहे, हे त्याला बॅकऑर्डरचे पैसे घेताना कोणीतरी सांगायला हवं.

त्याहून मला जास्त खटकतं ते वेगळंच. चांगली नावं बहुतेकदा त्या दुपारपर्यंत पोचतच नाहीत. 45 दिवसांची सवलत चालू असतानाच अनेक रजिस्ट्रार ती नावं लिलावात काढतात आणि जिंकणाऱ्याच्या खात्यावर परस्पर वळवतात. आपण दुसऱ्या कंपनीकडे लावलेली बॅकऑर्डर तशीच पडून राहते. जुन्या धारकाला त्या पैशातून सहसा काही मिळत नाही. करारातल्या बारीक अक्षरांत त्याने होकार दिलेला असतो. ज्याने ग्राहकाला रिन्यूची आठवण करून द्यायची, त्यालाच ग्राहक विसरल्यावर जास्त फायदा. मला ही रचना अन्यायाची वाटते.

आणि लिलाव आला की विश्वासाचा प्रश्न येतोच. एकाच नावावर अनेकांच्या बॅकऑर्डर असतील तर त्यांच्यात बोली लागते. समोर कोण बोली लावतंय? दिसतं फक्त टोपणनाव. स्नॅपनेम्सच्या लिलावांत ‘हल्वारेझ’ असं एक टोपणनाव वर्षानुवर्षं बोली चढवताना दिसत असे. नोव्हेंबर 2009 मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की त्यामागे आपलाच एक वरिष्ठ अधिकारी होता. 2005 पासूनच्या सुमारे 5 टक्के लिलावांत त्याने हात घातला होता, आणि काही वेळा स्वतः जिंकून भरलेल्या पैशांतले काही गुपचूप परतही घेतले होते. ज्यांना त्याच्यामुळे जास्त पैसे मोजावे लागले, त्यांना कंपनीने फरकाची रक्कम 5.22 टक्के व्याजासह देऊ केली. हे तिच्या बाजूने नमूद करायलाच हवं. पण इतकी वर्षं बाहेरच्या कोणाला ते तपासण्याची सोयच नव्हती.

एकच सामायिक यादी ठेवून नावं धरण्याच्या शर्यतीचा घोळ मिटवावा, असा प्रस्ताव व्हेरिसाइनने 2002 च्या सुमारास आणला होता. एका नावाला एकच नंबर, तोही खुद्द नोंदवहीत. रजिस्ट्रार कोर्टात गेले, मक्तेदारीची ओरड झाली आणि ती सेवा कधी सुरूच झाली नाही.

सुटलेल्या नावाबरोबर त्याच्यावरचा विश्वासही नव्या माणसाकडे जातो. 2024 मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अवघ्या 20 डॉलरमध्ये मुदत संपलेलं एक नाव घेतलं. ‘डॉट मोबी’ नावांची माहिती देणारा जुना सर्व्हर त्या नावावर चालत असे. बघता बघता 1 लाख 35 हजारांहून अधिक यंत्रणा त्यांच्याकडे माहिती विचारायला आल्या. संकेतस्थळांना सुरक्षेची प्रमाणपत्रं देणाऱ्या काही कंपन्याही त्यांत होत्या! तेच नाव एखाद्या भामट्याने धरलं असतं तर?

तुमचं दुकान, संस्था, शाळा किंवा दिवाळी अंक अशा एखाद्या नावावर चालत असेल, तर एक गोष्ट आजच तपासा. आयकॅनच्या नियमानुसार रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, तसंच मुदत संपल्यावर पाच दिवसांत सूचना पाठवायची असते. ती बहुधा नोंदणीतल्या ईमेलवर जाते. तो पत्ता सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा नाही ना, आणि त्याच डोमेनवरचा तर नाही ना, हे पाहा. डोमेनची मुदत संपून ते बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो.