हप्ता वेळेवर आला, म्हणून योजना खरी?

गैरसमज: ‘अहो, मला स्वतःला सहा महिने पैसे मिळतायत. लबाडी असती तर मिळाले असते का?’

वस्तुस्थिती: हो, मिळालेच असते! दामदुप्पट योजनेबद्दल शंका काढली की दर वेळी हेच उत्तर तोंडावर फेकलं जातं, म्हणून एकदा हिशेबच मांडू. तुम्ही १ लाख भरलेत आणि महिन्याला १० हजार मिळू लागले. म्हणजे पहिले दहा महिने तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळतात. तोवर कंपनीला एक रुपयाचाही धंदा करावा लागत नाही. दरम्यान तुमचा हप्ता पाहून मेहुणा, शेजारी, ऑफिसातले चौघे पैसे भरतात. तुमचा हप्ता हीच त्या ठगाची जाहिरात, आणि तिचा खर्चही तुमच्याच खिशातून.

चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये बोस्टनला हेच केलं. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांच्या व्यापारातून ४५ दिवसांत ५० टक्के नफा, असं त्याचं आश्वासन होतं. प्रत्यक्षात त्याने गोळा केलेल्या पैशांसाठी सुमारे १६ कोटी कूपनं लागली असती. चलनात होती २७ हजारांच्या आसपास. वर्तमानपत्रांनी शंका घेतल्यावर लोक पैसे काढायला धावले. पॉन्झीने रोख पैसे मोजले, रांगेत कॉफी आणि डोनट वाटले. ते पाहून कित्येक जण पैसे न काढताच घरी गेले! ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली.

मुंबईत टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या गुंतवणूकदारांनाही आधी आठवड्याला पैसे मिळत होते. ते थांबल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तेच लोक दादरच्या शोरूमबाहेर जमले.

‘कंपनी रजिस्टर्ड आहे.’ – असेल. कंपनीची नोंदणी म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे.

‘हावरट आणि अडाणीच फसतात.’ – २००८ मध्ये उघडा पडलेला अमेरिकी ठग बर्नार्ड मेडॉफ वर्षाला साधारण १० टक्केच नफा दाखवायचा. त्याच्या जाळ्यात बँका आणि धर्मादाय संस्थाही होत्या.

‘मी फक्त ओळखीच्यांना सांगितलं.’ – अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीच्या २०१९ च्या कायद्यानुसार अशा योजनेचा प्रचार करणं हाही गुन्हा आहे.

‘तक्रार करून काय होणार?’ – महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त करता येते. उशीर केलात तर जप्त करायला कमी उरतं.

तेव्हा ‘पैसे मिळतात का’ हे विचारणं सोडा. ते कोणत्या धंद्यातून येतात, ते विचारा. आणि ठेवी घ्यायची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहा. एजंट चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा.