दिवेलागणीचा नवा हिशेब

तिन्हीसांजा होतात. खोलीच्या कोपऱ्यांत काळोख जमू लागतो. आजोबा खिडकीशी बसून वर्तमानपत्र अधिकाधिक तिरपे धरत असतात. आजी तांदूळ निवडता निवडता ताट दाराकडे सरकवतात. कुणी दिवा लावायला उठले, की ठरलेले वाक्य कानी येते : ‘‘अजून दिसतंय की! उगीच कशाला जाळायचा?’’

हे दृश्य आपल्याही घरात घडत असेल. या वाक्यामागे कंजूषपणा नसतो. ज्यांनी कंदिलाच्या काचा पुसल्या आणि घरात वीज आल्यावर एका बल्बखाली सगळ्या भावंडांनी अभ्यास केला, त्यांच्या अंगवळणी पडलेली ही काटकसर आहे. परंतु ज्या बल्बमुळे ती शिकावी लागली, तो बल्ब बहुतेक घरांतून केव्हाच गेला. सवय तेवढी मागे राहिली. आणि उतारवयात हीच सवय महागात पडू शकते.

गणित बदलले आहे

तारेचा जुना बल्ब घेतलेल्या विजेपैकी जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास वीज प्रकाशासाठी वापरी. बाकीची उष्णतेत जाई. ६० वॅटचा असा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा आज ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. रोज ५ तास लावल्यास जुन्या बल्बला महिन्याला ९ युनिट लागत. एलईडीला दीड युनिटही लागत नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, त्यामागे हेच गणित होते.

घरातल्या ज्येष्ठांना हा हिशेब त्यांच्याच भाषेत सांगून पाहा. एका युनिटमध्ये ९ वॅटचा दिवा १११ तास चालतो. रोज संध्याकाळी अर्धा तास लवकर दिवा लावला, तरी सात महिन्यांत एक युनिट पुरते भरत नाही. ‘डोळ्यांना त्रास होईल’ या उपदेशापेक्षा हे गणित त्यांना लवकर पटण्याचा संभव अधिक.

साठीनंतरचा डोळा

वयानुसार बाहुली लहान होते आणि पूर्वीसारखी चटकन मोठी होत नाही. डोळ्यातील भिंग पिवळसर व जाड होत जाते. परिणामी विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. म्हणूनच ‘मला तर स्पष्ट दिसतंय’ हे मुलाचे किंवा सुनेचे मत घरातला प्रकाश ठरवताना उपयोगाचे नाही.

अपुऱ्या उजेडात उंबऱ्याची कड दिसत नाही, पायपुसण्याचे वळलेले टोक दिसत नाही, ओल्या लादीची चकाकी कळत नाही. फिकट पिवळी गोळी पांढरी भासते, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे लागत नाहीत. यांतली एखादीच चूक दवाखान्याची वाट दाखवायला पुरेशी असते. विजेच्या बिलात वाचलेले पैसे आता अधिक उजेडावर खर्च करावेत, ते यासाठीच.

कोणता दिवा, कुठे?

दुकानात ‘नऊ वॅटचा द्या’ एवढेच सांगून थांबू नका. वॅट म्हणजे खर्च होणारी वीज. प्रकाश मोजला जातो ल्युमेनमध्ये. खोक्यावर दोन्ही आकडे असतात. तेवढ्याच वॅटमध्ये अधिक ल्युमेन देणारा दिवा घ्यावा. खोक्यावरील ताऱ्यांचे लेबल आणि भारतीय मानक ब्यूरोची खूणही पाहावी.

तिसरा आकडा केल्विनचा. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश जुन्या बल्बसारखा पिवळसर व ऊबदार असतो. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. स्वयंपाकघर आणि औषधांची जागा यांसाठी ४००० ते ६५०० केल्विनचा भरपूर उजेड सोयीचा. शयनगृहात आणि संध्याकाळी विसावण्याच्या जागी मात्र पिवळसर प्रकाश बरा. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांत जाणारा निळसर प्रकाश मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाची निर्मिती मंदावतो.

प्रकाश वाढवणे म्हणजे छताला झगझगीत दिवा टांगणे नव्हे. मोतीबिंदू असलेल्यांना उघड्या दिव्याची तिरीप असह्य होते. म्हणून दुधी आवरणाचा दिवा घ्यावा आणि तो थेट डोळ्यांसमोर येणार नाही असा लावावा. वाचनासाठी खुर्चीच्या मागून, खांद्यावरून प्रकाश पडेल असा टेबल दिवा ठेवावा. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले, की कागदावर पडणारा त्याचा प्रकाश सुमारे चौपट होतो. तेव्हा मोठा दिवा आणण्याआधी आहे तो जवळ आणून पाहावा.

घरात कुणाला स्मृतिभ्रंश असेल, तर अंधार दाटण्याची वाट पाहू नका. तिन्हीसांजेच्या लांब सावल्या अशा व्यक्तीला गोंधळवतात, कधी घाबरवतातही. दिवे आधीच लावून पडदे ओढून घेतले, तर ती वेळ पुष्कळदा शांतपणे निभते.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत

रात्रीच्या वेळी मात्र लख्ख उजेड नको. वाट दाखवण्यापुरता हवा. आपल्याकडे त्यासाठी ‘झिरोचा बल्ब’ लावण्याची पद्धत आहे. त्याचे नाव फसवे आहे. तारेचा जुना झिरो बल्ब साधारण १२ ते १५ वॅट वीज घेतो, म्हणजे ९ वॅटच्या एलईडीपेक्षाही जास्त! अर्ध्या-एक वॅटचा पिवळसर एलईडी रात्रदिवा हेच काम करतो.

तो पलंगाच्या उंचीपेक्षा खाली, जमिनीवर उजेड पडेल असा लावावा. वाटेत माणसाची चाहूल लागताच आपोआप पेटणारे छोटे दिवे मिळतात. भिंतीवर बटण चाचपडावे लागत नाही. जिन्याला खाली आणि वर, दोन्हीकडे बटण असावे. जेथे वीज वारंवार जाते, तेथे निदान न्हाणीघराच्या वाटेवर आत बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब लावून ठेवावा.

दिवा बदलताना

दिवा बदलण्यासाठी ज्येष्ठांनी स्टुलावर चढू नये, हा नियम घरात पक्का असावा. एलईडी पुष्कळ टिकतो, त्यामुळे चढण्याचे प्रसंगच कमी होतात. हा त्याचा दुर्लक्षित राहिलेला फायदा. बदलणाऱ्याने मुख्य कळ बंद करावी, जुना दिवा निवू द्यावा. पूर्ण बंद झुंबरात वा हवा न खेळणाऱ्या आवरणात साधा एलईडी तापतो व लवकर जातो, हेही ध्यानात ठेवावे.

जुने सीएफएल आणि ट्यूबलाइट यांत थोडा पारा असतो. फुटल्यास खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. झाडू फिरवू नये. हातमोजे घालून तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, उरलेले ओल्या कागदाने पुसावे आणि सगळे झाकणबंद डब्यात ठेवावे. बंद पडलेले दिवे नेहमीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावेत.

एक सावधगिरी मात्र हवी. भरपूर उजेडातही धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील किंवा नजर अचानक मंदावली असेल, तर दिवा बदलत बसू नये. नेत्रतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे.

आज रात्री एवढे करा. नेहमीचेच दिवे ठेवून घरातल्या ज्येष्ठांबरोबर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालत जा. जेथे त्यांची पावले अडखळतील किंवा हात भिंतीकडे जाईल, ती जागा लक्षात ठेवा. उद्या पहिला दिवा तेथे लावा.