वैमानिक व्हायचे आहे? आधी वारा मोजू या

२५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावर प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. डोक्यावरून विमान गेले की वर्गाचे लक्ष खिडकीकडे जाते आणि ‘सर, पायलट व्हायला काय करावं लागतं?’ हा प्रश्न येतो. उत्तर आपल्याजवळ तयार हवे, कारण पहिला निर्णय दहावीनंतर लगेच घ्यावा लागतो.

व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, हा नियम अनेक वर्षांचा आहे. इतर शाखांचे विद्यार्थी हे विषय मागाहून मुक्त विद्यालयातून देतात. २०२५ साली ही अट शिथिल करण्याचा विचार पुढे आला. पण अट गेली, तरी हे विषय सुटणार नाहीत, कारण ते वैमानिकाच्या रोजच्या कामातच आहेत.

कसे ते पाहू. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या दिशेच्या अंशांचा दहावा भाग. आपल्या विमानतळाची धावपट्टी ०८/२६ आहे, म्हणजे ती साधारण ८० व २६० अंशांच्या दिशेने जाते. समजा, विमान २६० अंशांच्या दिशेने उतरत आहे आणि वारा २३० अंशांकडून ताशी २० सागरी मैल वेगाने येत आहे. दोन्ही दिशांमधील कोन ३० अंश. ३० अंशांचे साइन अर्धे, म्हणून विमानाला बाजूने ढकलणारा वारा ताशी १० सागरी मैल. हा आकडा विमानाच्या मर्यादेत आहे का, हे पाहूनच वैमानिक उतरतो. दहावीतल्या त्रिकोणमितीचा हा उपयोग!

आता वाट पाहू. परवान्यासाठी वय किमान १८ वर्षे आणि उड्डाणाचा अनुभव २०० तास लागतो. दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम व तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण हवेत. प्रशिक्षण रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला मिळते, तसेच आपल्या राज्यात गोंदियालाही मिळते. पुढे मोठ्या प्रवासी विमानाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन सहवैमानिक होता येते. कप्तान होण्यासाठी लागणारा वरचा परवाना किमान २१ वर्षे वय व १५०० तासांच्या अनुभवानंतरच मिळतो.

पालकांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा खर्च कित्येक लाखांचा असतो आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळालीच, असे नाही. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चष्मा असला तरी बहुधा अडत नाही, पण रंग ओळखण्यातील दोष आड येऊ शकतो. शुल्क भरल्यावर तो कळला, तर घरावर संकट येते.

विमानाकडे पाहणाऱ्या मुलांना दटावण्याऐवजी फळ्यावर धावपट्टी काढू या. वाऱ्याचा बाण कोणत्या कोनात काढायचा, ते मुलांनाच ठरवू द्या.