करुण रस आणि करुणा : ‘सत्यमेव जयते’ बघताना

मागच्या वेळी आपण रससिद्धान्तावर बोलत होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, नाटकाचं ठीक आहे. पण टीव्हीवर खऱ्या माणसाचं खरं दुःख दाखवतात आणि आपण रडतो, तो कुठला रस?” वेळ संपली होती, म्हणून उत्तर राहिलं. आज त्याच प्रश्नावर बोलू या.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेतो, ‘सत्यमेव जयते’. ६ मे २०१२, रविवार, सकाळी अकरा वाजता पहिला भाग लागला. केबलवर स्टार प्लस आणि त्याच वेळी दूरदर्शन, म्हणजे ज्यांच्याकडे केबल नव्हती त्यांनाही तो दिसला. निवेदक आमिर खान, दिग्दर्शक सत्यजित भटकळ. पहिल्या पर्वात १३ भाग झाले, मग २०१४ मध्ये आणखी दोन पर्वं. विषय आठवा : मुलींची गर्भातच होणारी हत्या, लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार, हुंडा, डॉक्टरी व्यवसायातले गैरप्रकार, अपंगत्व, घरातली मारहाण, अस्पृश्यता, पाणी. एरवी रविवारी सकाळी आपल्याकडे या गोष्टी कुणी काढत नाही.

त्या दिवशी आमच्या मुलुंडच्या घरी सात-आठ माणसं जमली होती. भाग संपला तेव्हा सगळ्यांचे डोळे ओले होते. कुणीतरी म्हणालं, “फार छान केलंय हो.” मग पानं घेतली. हा ‘छान’ शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात अडकून बसला आहे.

आता मागच्या वेळचा धागा उचलू. भट्टनायकांनी मांडलेली आणि अभिनवगुप्तांनी आपल्या पद्धतीने पुढे नेलेली कल्पना म्हणजे साधारणीकरण. रंगमंचावरचा शोक माझा नसतो, माझ्या शत्रूचा नसतो आणि तिऱ्हाइताचाही नसतो. तो कुणा एकाचा राहत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. ‘एकच प्याला’ बघताना आपण सिंधूसाठी रडतो, पण तिला माहेरी पोचवायला कुणी रंगमंचावर चढत नाही. चढू नयेच. कलेत हे योग्यच आहे.

माहितीपटातलं माणूस मात्र खरं असतं. त्याला पत्ता असतो. कार्यक्रम संपल्यावरही ते तिथे असतं आणि त्याचं दुःखही तिथेच असतं. तिथे हवी असते ती करुणा. बौद्ध विचारात करुणा म्हणजे दुसऱ्याचं दुःख दूर व्हावं ही इच्छा. त्या इच्छेत पुढचं पाऊल आधीच आलेलं असतं. पण टीव्हीची साधनं कुठली? पार्श्वसंगीत, प्रेक्षकांतल्या भिजलेल्या चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा, मध्ये जाहिराती, शेवटी गाणं. बघता बघता खऱ्या बाईचं साधारणीकरण होतं. करुणा जागी व्हायची तिथे करुण रस तयार होतो आणि आपण ‘छान’ म्हणतो.

मग ही मालिका फुकट गेली का? मी तसं म्हणणार नाही. पहिल्याच भागात राजस्थानातल्या गर्भलिंगनिदानाच्या खटल्यांसाठी द्रुतगती न्यायालयाची मागणी झाली, प्रेक्षकांना पाठिंबा द्यायला सांगितलं गेलं, आणि काही दिवसांत आमिर खान मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांना जाऊन भेटले. म्हणजे अश्रूंना एक दिशा दिली गेली. हे महत्त्वाचं आहे.

पण ही माहिती आपल्याला २०१२ साली मिळाली, असं समजू नका. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत होते. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी मोहीम उभी केली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो नीट राबवला जात नाही म्हणून २००० साली सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. हे सगळं गाण्याशिवाय झालं.

आणि आकडे? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. ज्या मे महिन्यात आपण टीव्हीसमोर रडलो, त्याच महिन्यात त्याच जिल्ह्यातल्या परळीत एका डॉक्टर दांपत्याच्या रुग्णालयात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला.

म्हणजे माहिती होती, कायदा होता. मग अडलं कुठे? इथे मला माझ्याबद्दल बोलावं लागेल. १९८७ च्या सुमारास आमच्या नात्यातलं एक जोडपं ही तपासणी करायला निघालं होतं. दोन मुली होत्या. मला ते ठाऊक होतं. मी तेव्हा कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत होतो. ‘त्यांच्या घरचा प्रश्न आहे’ म्हणून मी गप्प राहिलो. तिसरी मुलगी जन्माला आली नाही.

२०१२ च्या त्या रविवारी आमच्या दिवाणखान्यात ते दोघंही होते. त्यांचेही डोळे ओले होते. कुणी काही बोललं नाही. पडद्यावरच्या बाईसाठी आम्ही रडलो आणि शेजारी बसलेल्या बाईकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. साधारणीकरण इतकं पुरं झालं होतं.

या व्याख्यानाआधी मी वहिनींना फोन केला. म्हटलं, सांगू का? त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सांगा. नाव तेवढं घेऊ नका. पण तुम्ही गप्प बसलात, तेही सांगा.” पंचवीस वर्षं अधिक पुढची इतकी वर्षं, त्यानंतर आमचं या विषयावर झालेलं हे पहिलं बोलणं.

याच मालिकेच्या लोकांनी २०१६ साली पाणी फाउंडेशन काढलं. पहिल्या वर्षी वॉटर कप स्पर्धेत तीन तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. कोरेगावातलं वेळू गाव पहिलं आलं. २०१७ मध्ये ३० तालुके झाले, २०१८ मध्ये ७५. तिथे बघणारी माणसं कुदळ-फावडं घेऊन श्रमदानाला उतरली. मग इतर विषयांत हे का घडत नाही? मला वाटतं, चर खणताना घरातल्या कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. पाणलोटाचं काम गावाला एकत्र आणतं. हुंडा, मारहाण, लिंगनिदान यांतला दोषी माणूस मात्र बहुतेकदा आपल्याच पंगतीला बसलेला असतो. कधी तो आपणच असतो. तिथे कॅमेरा पोचू शकतो फक्त दारापर्यंत. आतलं बोलणं आतल्याच कुणीतरी सुरू करावं लागतं.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं : टीव्ही बंद झाल्यावर आपण काय करतो, त्यावर तो रस होता की करुणा, हे ठरतं. पुढच्या वेळी असा कार्यक्रम बघाल तेव्हा लगेच पानं घेऊ नका. दहा मिनिटं बसा. यातलं काय आपल्या घरात, आपल्या मजल्यावर घडलं आहे, एवढंच एकमेकांना विचारा. अवघड जाईल. मला चांगलंच अवघड गेलं.

पुढच्या वेळी मौन आणि संमती यांतला फरक बघू. आता तुमचे प्रश्न घेतो.